जनरलसाहेब आणि आमचा मेजर

मामाला घेऊन पुण्याहून साताऱ्याकडे चाललो होतो. खंबाटकी उतरल्यावर तो एकदम म्हणाला, "ह्यो रस्ता एका फौजीनं केलाय, माहितीय का तुला?" मला वाटलं बीआरओ (सीमेवर रस्ते बांधणारी फौजेची संघटना) वगैरेचं काहीतरी डोक्यात असेल. मी म्हटलं, मामा, हा नॅशनल हायवे आहे, कॉन्ट्रॅक्टरनी केलाय, आणि अजून पूर्ण झालाय की नाही हेच कळत नाही. तर म्हणे, "आरं मंत्री फौजी हुता. जनरल. सॅपर." सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनियर.

आता मामाचं सांगायचं तर तो मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झाला, पण गावात त्याला सगळे मेजरच म्हणतात. आपल्याकडे ते असंच आहे, शिपाई म्हणून गेलेला असो की सुभेदार होऊन आलेला, गावच्या एस.टी. स्टँडवर ट्रंक घेऊन उतरला की तो मेजर. त्यामुळे फौजेतल्या माणसाबद्दल मामा काहीही बोलला तरी थोडं मीठ काढूनच घ्यावं लागतं. पण त्या दिवशी घरी आल्यावर शोधलं तर मामाचं बरोबर निघालं. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, वाजपेयींच्या सरकारात रस्ते खात्याचे मंत्री. आणि मग त्या माणसाच्या मागे मी असा लागलो की दोन-तीन रविवार त्यातच गेले.

नाव ऐकल्यासारखं वाटत होतं, पण उत्तराखंडचे मुख्यमंत्री म्हणून, तेही अंधुक. आपल्याला बाकीच्या राज्यांचे मुख्यमंत्री कुठे लक्षात राहतात, त्यात उत्तराखंडात ते बदलतात पण इतक्या पटापट.

जन्म १ ऑक्टोबर १९३४, डेहराडून. १९५४ मध्ये कोअर ऑफ इंजिनियर्समध्ये कमिशन, १९९० मध्ये मेजर जनरल म्हणून रिटायर, म्हणजे छत्तीस वर्षं. या काळात ६२, ६५, ७१ अशी तिन्ही युद्धं होऊन गेली. १९८२ मध्ये अतिविशिष्ट सेवा मेडल. सॅपर ऑफिसर म्हटला की त्याला आपल्या दापोडीचं सीएमई, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनियरिंग, सहसा चुकत नाही, त्यामुळे मला उगाचच तो माणूस थोडा पुण्याचा वाटायला लागला (हा माझा आजार आहे, कुणाचाही पुण्याशी संबंध लावल्याशिवाय मला चैन पडत नाही).

घरात राजकारण होतंच. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री राहिलेले हेमवतीनंदन बहुगुणा हे त्यांचे मामा. म्हणजे बघा, इथेही मामाच. पण भाच्याने मामाची काँग्रेसी-समाजवादी वाट न धरता भाजपची धरली, आणि रिटायर झाल्यावर एका वर्षात, १९९१ ला, गढवालमधून लोकसभेवर गेले. वय छप्पन. या वयात बाकीचे जनरल गोल्फ खेळायला लागतात किंवा आत्मचरित्र लिहायला घेतात. १९९६ ला सतपाल महाराजांकडून पडले, १९९८ ला परत आले, १९९९ ला आले, २००४ ला पण.

गढवालमध्ये फौजीला मत मिळणं ही फार नवलाची गोष्ट नाही म्हणा. लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं सेंटर, आणि डोंगरातल्या गावांत घरटी एकतरी माणूस फौजेत असायचा, घर त्याच्या मनीऑर्डरवर चालायचं, तिथल्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डर इकॉनॉमी असंच नाव पडलं होतं. आपल्या साताऱ्यातल्या अपशिंग्यासारखं, फक्त एका गावाऐवजी जिल्हेच्या जिल्हे. पण गंमत अशी की आपल्याकडे एवढे फौजी असून फौजेतून आलेला मुख्यमंत्री महाराष्ट्राला मिळाला नाही. आपला फौजी रिटायर झाला की बँकेत सिक्युरिटीला जातो नाहीतर शेती बघतो, फार तर सरपंचकीला उभा राहतो. मामा राहिला होता. त्याचं सांगतो पुढे.

तर २००० च्या नोव्हेंबरमध्ये वाजपेयींनी खंडुरींना रस्ते वाहतूक आणि महामार्ग खातं दिलं, आधी स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद आणि २००३ मध्ये कॅबिनेट. सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारे ५,८४६ किलोमीटर चौपदरी रस्ते, ही योजना वाजपेयींची, पायाभरणी १९९९ चीच. खंडुरी मधे आले. पण योजना जाहीर करणं आणि ती जमिनीवर उतरवणं यात काय फरक असतो हे आपल्या देशात कुणाला समजवायला नको. पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया सेस, तो पैसा रस्त्यासाठीच बाजूला, कामाची पॅकेजेस पाडलेली, प्रत्येक पॅकेजला कॉन्ट्रॅक्टर वेगळा आणि तारीख ठरलेली. हे सगळं बघितलं की लक्षात येतं की इंजिनियर रेजिमेंटच्या माणसाला यापेक्षा सोयीचं खातं मिळालंच नसतं. नकाशा आहे, पैसा आहे, टार्गेट आहे, कोण कुणाला रिपोर्ट करणार ते माहिती आहे. इथे आदेश दिला की काहीतरी हलतं. उशीर झाला, तक्रारी झाल्या, चतुष्कोन पूर्ण झाल्याचं सरकारने जाहीर केलं ते थेट २०१२ मध्ये, पण देशाला सलग चौपदरी हायवे म्हणजे काय हे कळलं ते त्या तीन-चार वर्षांत. आमच्या पुणे-बंगळूर रस्त्यावर पूर्वी समोरून येणाऱ्या ट्रकच्या डोळ्यात डोळे घालून ओव्हरटेक करायला लागायचं, ते मी लहानपणी एस.टी.च्या पुढच्या सीटवरून बघितलेलं आहे.

पण त्याच रस्त्यावरची एक गोष्ट वगळून पुढे जाता येत नाही. सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा इंजिनियर, एनएचएआयमध्ये (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात), झारखंडात कोडरमाला पोस्टिंग. त्याने चतुष्कोनाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल २००२ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. सीबीआयने लूटमारीतून झालेला खून म्हटलं, २०१० मध्ये तिघांना शिक्षा पण झाली, आणि तरीही त्या पत्राचं जे झालं ते झालंच. खंडुरी स्वच्छ माणूस होते असं त्यांचे विरोधकसुद्धा म्हणत, मला त्यात शंका घ्यायची नाही. पण खातं त्यांचं होतं. ज्या संस्थेत गोपनीय हा शिक्का मारलेला कागद कुठे जातो आणि कुठे जात नाही हे शिपायालाही माहिती असतं तिथून छत्तीस वर्षांनी आलेला माणूस वर बसलेला आणि खाली एका पोराचं नाव सांभाळता आलं नाही. वर बसलेला माणूस स्वच्छ असला की खालचं आपोआप स्वच्छ होतं असं आपण समजतो, तिथे मला दरवेळी दुबे आठवतो.

आता मुख्यमंत्रीपद.

२००७ ला उत्तराखंडात भाजप सगळ्यात मोठा पक्ष झाला, चौतीस जागा, सत्तरच्या सभागृहात बहुमताला दोन कमी, त्यामुळे उत्तराखंड क्रांती दल आणि अपक्ष यांना घेऊन सरकार. आमदारांतला मोठा गट भगतसिंग कोश्यारींच्या बाजूने होता. हो, तेच कोश्यारी, आपले नंतरचे राज्यपाल, पहाटेच्या शपथविधीवाले. दिल्लीने मात्र खंडुरींना पाठवलं, ८ मार्च २००७ ला शपथ झाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून परिस्थिती अशी की बटालियन दुसऱ्याची आणि सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, वरून आलेला. फौजेत हे रोज होतं, नवा सीओ येतो, सगळे सॅल्यूट ठोकतात, प्रश्न मिटतो. आमदार सॅल्यूट ठोकत नाही. आमदार नमस्कार करतो, पाया पण पडतो, आणि रात्रीच्या गाडीने दिल्लीला जातो.

त्यातला एक किस्सा मला फार आवडला. खंडुरी तेव्हा खासदार, आमदार नाहीत, सहा महिन्यांत विधानसभेत निवडून यायला पाहिजे. तर त्यांच्यासाठी धुमाकोटची जागा रिकामी केली कुणी, तर काँग्रेसच्या आमदाराने! लेफ्टनंट जनरल टी. पी. एस. रावत. म्हणजे हेही फौजी, आणि रँकने खंडुरींना सीनियर. ते राजीनामा देऊन भाजपमध्ये आले, खंडुरी धुमाकोटातून आमदार झाले, आणि खंडुरींनी सोडलेल्या लोकसभेच्या जागेवर २००८ च्या पोटनिवडणुकीत रावत निवडून गेले. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्युच्युअल केली की मग." फौजेत आणि झेडपीच्या शाळेत दोघांनी आपसात पोस्टिंग बदलून घेतलं की त्याला म्युच्युअल म्हणतात. पक्षांतराची एवढी सभ्य व्याख्या मी आजवर ऐकली नव्हती.

दोन वर्षांत खंडुरींनी कामं केली, १०८ ची अँब्युलन्स डोंगरात २००८ मध्ये आली ती त्यांच्याच काळात. पण भेट मिळत नाही, अधिकाऱ्यांचंच ऐकतात, कार्यकर्त्याचं काम करत नाहीत, ह्या तक्रारी दिल्लीपर्यंत. आता "कार्यकर्त्याचं काम" म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो. भाच्याची बदली, मेव्हण्याचं टेंडर, कुणाच्या तरी पोराला चिकटवणं. जनरल म्हणणार नियमात बसत नाही. कार्यकर्ता म्हणणार नियमात बसत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो. आणि खरं सांगू का, मला दोघांचंही पटतं. ज्याच्या गावाला डांबरी रस्ता नाही, तहसीलदार दोन दिवसांच्या वाटेवर, त्याला नियमाने काहीच मिळालेलं नसतं, त्याला जे काय मिळतं ते ओळखीनेच. त्याची ओळखच बंद केली तर त्याच्याकडे उरतं काय?

२००९ च्या लोकसभेला उत्तराखंडातल्या पाचही जागा भाजपने घालवल्या. म्युच्युअलवाले रावतही सतपाल महाराजांकडून पडले. खंडुरींनी जबाबदारी घेऊन खुर्ची सोडली, भाजपचेच रमेश पोखरियाल निशंक मुख्यमंत्री म्हणून आले.

हे इथे संपलं असतं तर मी लिहिलं पण नसतं. पण निशंक सरकारवर आरोपांची सरबत्ती सुरू झाली आणि निवडणुकीला चार-पाच महिने उरले असताना पक्षाला पुन्हा जनरल आठवले. ११ सप्टेंबर २०११, दुसरा शपथविधी. देशात तेव्हा काय वातावरण होतं आठवा, ऑगस्टमध्येच अण्णांच्या लोकपालाच्या उपोषणाने रामलीला मैदान गाजलेलं. खंडुरींनी १ नोव्हेंबरला लोकायुक्त विधेयक मंजूर करून घेतलं, त्यात मुख्यमंत्रीसुद्धा चौकशीच्या कक्षेत. अण्णा हजारेंनी कौतुक केलं. आता अण्णा पण कोण, तर फौजेतला ट्रक ड्रायव्हर. ड्रायव्हरने जनरलला शाबासकी दिली, असा योग फौजेत यायचा नाही. विधेयकात खोच होती, मुख्यमंत्री-मंत्री-आमदारांवर कारवाईला लोकायुक्तांच्या सगळ्या सदस्यांची संमती हवी, एक जण अडला की गाडी अडली, त्यावर टीका झालीच. पुढच्या सरकारने तो कायदाच बदलून टाकला, सगळंच राहिलं.

मला लोकायुक्तापेक्षा त्यांचा बदल्यांचा कायदा जास्त आवडला. कारण त्यात फौजी दिसतो. उत्तराखंडात सरकारी नोकरीत दोन शब्द फार चालतात, सुगम आणि दुर्गम. डेहराडून, हल्द्वानीकडचं सपाटीचं ते सुगम, वर डोंगरातलं ते दुर्गम. वशिल्याचा मास्तर आयुष्यभर सुगममध्ये आणि बिनवशिल्याचा वीस वर्षं दुर्गममध्ये. खंडुरींचं म्हणणं असं की बदल्या कायद्याने, ठरलेल्या चक्राने करा. फौजेत पीस आणि फील्ड असतं, दोन-तीन वर्षं सियाचीन किंवा काश्मीर, मग दोन-तीन वर्षं छावणीत बायकापोरांसोबत. कुणी कुणाचा कोण आहे याने फरक पडत नाही, निदान मामा तरी असंच सांगतो. एवढी साधी गोष्ट. पण बदली हे आमदाराच्या हातातलं सगळ्यात मोठं चलन आहे आणि जनरलने त्याची नोटबंदी करायला घेतली. हा कायदाही पुढच्या सरकारने गुंडाळला.

निवडणुकीची घोषणा होती, "खंडूडी है जरूरी." पक्षाच्या नावापेक्षा माणसाचं नाव मोठं. ३० जानेवारी २०१२ ला मतदान, ६ मार्चला निकाल. भाजप ३१, काँग्रेस ३२. आणि जे जरूरी होते तेच पडले! धुमाकोट मतदारसंघ फेररचनेत गेलेला, म्हणून कोटद्वारला उभे राहिले आणि काँग्रेसच्या सुरेंद्रसिंग नेगींकडून साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पडले. एक जागा. ती आली असती तर आकडे उलटे झाले असते, भाजप ३२, काँग्रेस ३१. भितरघात झाला असं सगळेच म्हणत होते, कुणी केला ते मात्र ज्याचं त्याचं उत्तर वेगळं. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले विजय बहुगुणा, हेमवतीनंदनांचा मुलगा, म्हणजे खंडुरींचा मामेभाऊ.

इथे मला मामाची निवडणूक सांगायलाच लागेल. रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी गावात बिनविरोधची बोलणी फिसकटली आणि पोरांनी मामाला उभं केलं, मेजर पाहिजे, शिस्त पाहिजे, गावाचं वाटोळं झालंय. मामाने मनावर घेतलं. प्रचारात काय केलं तर टँकर आला की बायकांना "लाइन में लगो" म्हणून ओरडायचा, फौजी हिंदीत, आणि हंड्यांची रांग लावून द्यायचा. रांग लागायची. पाणी सगळ्यांना मिळायचं, कधी नव्हे ते शेवटच्या घरापर्यंत. मामाला वाटलं जिंकलो. सतरा मतांनी पडला. ज्यांना पहिला हंडा भरायची सवय होती ती सगळी घरं विरोधात गेली, आणि ज्या म्हातारीला रांगेमुळे पाणी मिळालं ती नंतर मामीला म्हणाली, पाणी मिळालं गं, पण त्यो लई वरडतो. त्याहून वाईट म्हणजे भावकीतली मोजून अकरा मतं फुटली, चुलतभावाच्या घरातली. मामा अजून त्या घरचं जेवण घेत नाही, चहा घेतो.

म्हणून मला खंडुरींच्या कोटद्वारचं फार आश्चर्य वाटलं नाही. शिस्त सगळ्यांना पाहिजे असते, फक्त रांगेत आपला नंबर पहिला लागणार असेल तर.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. २०१४ ला वयाच्या ऐंशीला टेकलेले असताना पुन्हा गढवालमधून लोकसभेत, आणि संरक्षणाच्या स्थायी समितीचे अध्यक्ष. आणि इथे मला तो माणूस सगळ्यात जास्त आवडला. २०१८ च्या मार्चमध्ये समितीचा अहवाल आला, त्यात सैन्यानेच दिलेली माहिती छापलेली, ६८ टक्के सामग्री जुनाट म्हणजे व्हिंटेज, २४ टक्के सध्याच्या काळातली आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. सरकार त्यांच्याच पक्षाचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते अध्यक्षपदावरून गेले, त्यांच्या जागी कलराज मिश्र आले. या दोन गोष्टींचा संबंध काय ते सरकारने कधी सांगितलं नाही, विरोधकांनी मात्र भरपूर सांगितला. मला एवढंच दिसतं की आयुष्याच्या शेवटच्या पोस्टिंगवर माणसाने रिटर्न बरोबर भरला. फौजेत स्टोअरचा रिटर्न म्हणजे काय असतं, कपाटात दहा रायफली असतील तर दहाच लिहायच्या, वरच्याला बारा आवडत असल्या तरी.

उत्तराखंडात फौजीचं नाणं पुढेही चालवून बघितलं गेलं. २०२२ ला आम आदमी पार्टीने कर्नल अजय कोठियालना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं, कीर्ती चक्र, २०१३ च्या प्रलयानंतर केदारनाथच्या पुनर्उभारणीत स्वतः राबलेला माणूस. गंगोत्रीतून पडले, आणि काही महिन्यांतच भाजपमध्ये. डोंगरातला माणूस फौजीला मान देतो, मताचं वेगळं बघतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी परत गावाला गेलो तेव्हा मामाला बसवून सगळं सांगितलं. रस्त्याचं ऐकून तो खूश, मी म्हटलं होतं ना. कोटद्वारचं ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "किती पडली म्हणालास कमी?" साडेचार हजार. "हां, मतदारसंघ मोठा हाय त्यांचा," म्हणाला, म्हणजे सतराशी हिशोब लावून बघितला असणार. मग मी त्याला मुलांचं सांगितलं. २०१९ च्या लोकसभेला खंडुरींचा मुलगा मनीष काँग्रेसमध्ये गेला आणि त्याच गढवालमधून उभा राहिला, समोर भाजपचे तीरथसिंग रावत, जे खंडुरींचे शिष्य म्हणून ओळखले जायचे. मुलगा एका बाजूला, शिष्य दुसऱ्या बाजूला, आणि वडील भाजपमध्येच. मुलगा जोरात पडला, २०२४ ला तोही भाजपमध्ये आला. मुलगी ऋतू खंडुरी आधी यमकेश्वरहून आमदार, मग २०२२ ला थेट कोटद्वारहून, त्याच सुरेंद्रसिंग नेगींना हरवून. विधानसभेची पहिली महिला अध्यक्ष झाली, आणि त्याच वर्षी विधानसभेतल्या मागच्या दाराने झालेल्या २२८ नेमणुका रद्द करून टाकल्या. मामा म्हणाला, ती बापावर गेलीय, तिलाही जपायला सांग.

मग बराच वेळ तो मुलाच्याच गोष्टीवर अडकून होता. परत परत विचारत होता, सख्खा मुलगा? दुसऱ्या पार्टीत? बाप बसलेला असताना?

सख्खा, मी म्हटलं.

"म्हंजे जनरलला पण भावकी असती," मामा म्हणाला, आणि एकदम इतका मोठ्याने हसला की मामी आतून बघायला आली.